हतनूर जलाशयातील सर्वेक्षण-होडीचे होकायंत्र सेन्सर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

हतनूर धरणाच्या जलाशयात साचलेला गाळ मोजण्यासाठी आम्ही एक लहान, मनुष्यविरहित फायबरची होडी वापरतो. तिच्यात इको साउंडर (ध्वनीच्या साहाय्याने खोली मोजणारे यंत्र), दोन विद्युत मोटारी, लिथियम बॅटरी आणि आर्डूपायलट ही स्वयंचलनाची प्रणाली चालवणारा पिक्सहॉक नियंत्रक आहे. चांगदेवजवळ पूर्णा तापीला मिळते, त्या पट्ट्यात ही होडी समांतर रेषांवरून संथपणे न्यावी लागते. आणि संथ गतीला जीपीएस होडी कोणीकडे सरकते आहे एवढेच सांगतो, तिचे तोंड कोणीकडे आहे ते सांगत नाही. दुपारनंतर आडवा वारा सुटला की या दोन दिशांत चांगलेच अंतर पडते, आणि तोंडाची दिशा चुकीची कळली तर सरळ रेषेऐवजी नागमोडी मार्ग उमटतो. पावसाळ्यानंतर पाणी निवळल्यापासून उन्हाळ्यापर्यंत तोंडाची दिशा सांगणारे वेगवेगळे होकायंत्र सेन्सर वापरून माझे मत असे झाले आहे की, कोणता सेन्सर घेतला यापेक्षा तो कोठे बसवला याला अधिक महत्त्व आहे.

तरीही निवडीबद्दल थोडे सांगितले पाहिजे. ऑनलाइन मागवलेल्या स्वस्त बोर्डाच्या वर्णनात एचएमसी ५८८३ एल या होकायंत्र चिपचे नाव लिहिले होते, प्रत्यक्षात त्यावर क्यूएमसी ५८८३ एल ही चिप निघाली. दोन्हींचे आय-टू-सी (चिपला नियंत्रकाशी जोडणारी तारजोडणी) पत्ते आणि अंतर्गत रचना वेगळी असल्यामुळे एकीसाठी लिहिलेला प्रोग्राम दुसरीला ओळखत नाही. आर्डूपायलट दोन्ही चिप ओळखतो म्हणून काम अडले नाही, पण विक्रेत्याने खरे नाव लिहायला हरकत नव्हती. नंतर घेतलेला आरएम ३१०० हा सेन्सर चुंबकीय प्रेरकत्वाच्या तत्त्वावर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रामुळे तारेच्या वेटोळ्यात होणारा बदल मोजून, चालतो. त्याच्या वाचनात थरथर फारच कमी दिसते, आणि जळगाव-भुसावळच्या मे महिन्यातील उन्हात डबा तापल्यावरही दिशा सरकल्याचे जाणवले नाही. मोठ्या नौकांवर वापरले जाणारे फ्लक्सगेट प्रकारचे होकायंत्र एवढ्याशा होडीला आकाराने आणि किमतीने परवडणारे नाही.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे बसवण्याची जागा. एका सरळ तारेतून २० अँपिअर प्रवाह वाहत असेल, तर तिच्यापासून १० सेंटिमीटरवर सुमारे ४० मायक्रोटेस्ला एवढे चुंबकीय क्षेत्र तयार होते, आणि आपल्या भागात पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटकही साधारण तेवढाच आहे. मोटारीला जोर लागताच होकायंत्र का भरकटते, याचे उत्तर या एका हिशेबात मिळते. आम्ही बॅटरीच्या धन आणि ऋण तारा एकमेकींना पीळ देऊन नेल्या, त्यामुळे दोघींची क्षेत्रे बहुतांशी परस्परांना रद्द करतात. सेन्सरसाठी ठिबक सिंचनाच्या दुकानातून पीव्हीसी पाइप आणून अर्ध्या मीटरची काठी उभारली. जळगावात अशा पाइपसाठी दोन दुकाने फिरावी लागत नाहीत. काठी याहून उंच केली तर होडी डोलते आणि वरचा भार धोक्याचा ठरतो. स्क्रू पितळेचे किंवा नायलॉनचे असावेत. स्टेनलेस स्टील आहे म्हणून निश्चिंत राहू नये, कारण काही स्टेनलेस स्क्रू घडवताना किंचित चुंबकीय होतात. प्रत्येक स्क्रू साध्या होकायंत्राजवळ नेऊन सुई हलते का, ते आधी पाहावे.

एवढे केल्यावर स्वस्त बोर्डानेही रेषा बऱ्यापैकी सरळ धरल्या, आणि पूर्वीच्या जागी, म्हणजे बॅटरीशेजारी, ठेवलेला आरएम ३१०० मात्र वेग वाढताच चुकू लागला. होडी सर्व दिशांना फिरवून केलेले कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरच्या चुकीची दुरुस्ती, होडीतील लोखंडाचा स्थिर परिणाम काढून टाकते, पण वाहत्या प्रवाहाबरोबर बदलणारा परिणाम त्याने जात नाही. कॅलिब्रेशन करताना बॅटरीसह सर्व सामान आपापल्या जागी असावे, खिशातला मोबाइल दूर ठेवावा आणि धरणाचे लोखंडी दरवाजे, सळईचे काँक्रीट किंवा गाडी यांच्याजवळ ते करू नये. काळ्या बेसाल्टचे दगड रचलेला बांधही टाळावा, कारण त्या खडकात चुंबकीय खनिजे असतात. आम्ही हे काम मोकळ्या शेतात करतो.

परदेशी वापरकर्त्यांच्या तक्रारी वाचताना एक फरक लक्षात घ्यावा. खानदेशात चुंबकीय क्षेत्र क्षितिजाखाली साधारण ३० अंश झुकलेले आहे, त्यामुळे होडीचा कल मोजण्यात १ अंशाची चूक झाली तर दिशेत फार तर अर्ध्या अंशाहून किंचित अधिक चूक येते. उत्तर युरोपात क्षेत्राचा हा झुकाव ७० अंशांच्या आसपास असल्याने तेवढीच चूक पावणेतीन अंशांपर्यंत जाते. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतील फरकही आपल्याकडे १ अंशाहून कमी आहे.

दोन अँटेनांच्या जीपीएसवरून तोंडाची दिशा काढण्याचा पर्याय उत्तम आहे, कारण त्यावर लोखंडाचा परिणाम होत नाही. मात्र अँटेनांत किमान ३० सेंटिमीटर अंतर आणि वर मोकळे आकाश लागते, शिवाय खर्च कित्येक पटींनी वाढतो. गाळाच्या कामाला आम्हाला त्याची गरज भासली नाही. आरएम ३१०० आम्ही कायम ठेवला आहे, पण त्याच्याबद्दल एक तक्रार उरली आहे. काठीवरून खाली येणारी आय-टू-सीची लांब तार मधूनमधून संपर्क सोडते आणि नियंत्रक होकायंत्र बंद पडल्याची सूचना देतो, कारण ही जोडणी मुळात थोड्या अंतरासाठी असते. उंच काठीवर बसवायचाच असेल, तर थोडे अधिक पैसे देऊन कॅन (लांब तारेवरही टिकणाऱ्या) जोडणीचा बोर्ड घ्यावा.