हत्यारं दोन पावसाळे बंद ठेवायचीत: तेल, ग्रीस की व्हीसीआय कागद?

कुणी आखातात नोकरीला निघालंय, कुणाच्या वडिलांचं सुतारकाम थांबलंय आणि हत्यारं विकायला मन होत नाही. अशा वेळी आधी पावसाळ्यात कुलूप उघडायला घरात कुणी आहे का ते बघा. कुठल्या हत्याराला काय लावायचं, हे त्यावरच ठरतं. हवेतली आर्द्रता साधारण 60 टक्क्यांवर गेली की गंजाला जोर चढतो, आणि जुलैत कोल्हापूरची हवा त्याच्या कितीतरी वर असते.

घरात कुणी असेल तर मशीन ऑइल घ्या. स्वस्त आहे, पटकन पुसता येतं, पटाश्या आणि रंध्याच्या पात्यांना पुरतं. पण थर पातळ असल्यानं ओघळतो, म्हणून पावसात महिन्या-दीड महिन्यानं तेलाचं फडकं फिरवायलाच हवं. अळशीचं तेल मात्र नको. ते वाळून चिकट थर होतं, आणि त्यानं भिजलेल्या चिंध्या ढिगात टाकल्या तर आपोआप तापून पेट घेतात.

बघायला कुणीच नसेल तर ग्रीस. विशेषतः रंधा मशीनच्या बिडाच्या टेबलाला दुसरं काही लावू नये, असं माझं मत. सगळीकडे सलग थर द्या आणि वर मेणकागद बसवा. परत आल्यावर डिझेलनं पुसत बसायचा कुटाणा आहेच. नीट पुसलं नाही तर ग्रीस लाकडाला लागते आणि तिथं पॉलिश धरत नाही.

व्हीसीआय कागद उद्यमनगर-शिरोलीच्या मशीनशॉपवाल्यांना ठाऊक असतो, कारण लोखंडी सुटे भाग त्यात गुंडाळून पाठवतात. कागदातून निघणारी वाफ लोखंडावर बसते आणि गंज रोखते. छोट्या हत्यारांसाठी मी हाच निवडेन, पण डबा घट्ट बंद हवा आणि उघडझाप नको. पात्यावर ग्रीसचा जाड थर असेल तर कागदाचा उपयोग नाही. सोबत सिलिका जेल टाकायला हरकत नाही. नुसती प्लास्टिकची पिशवी हा सगळ्यात वाईट मार्ग, कारण आत कोंडलेली दमट हवा रात्री गारठली की पात्यावरच पाणी धरते.

काहीही निवडा, त्याआधी भुसा काढा. रंध्याच्या तोंडात, करवतीच्या दात्यांच्या बुडाशी अडकलेला बारीक भुसा ओल धरून ठेवतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. शेवटी पुसलेल्या पात्याला उघडा हात लावू नका. घामातल्या मिठामुळे काही आठवड्यांत तिथं अंगठ्याचा तांबूस ठसा उमटलेला दिसतो.

मशीनचे पट्टे सैल करा. ड्रिलच्या लिथियम बॅटऱ्या काढून अर्ध्या चार्जवर ठेवा.

राहिला पुराचा प्रश्न. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. 2019 आणि 2021 मध्ये नदी याच्या बरीच वर गेली होती. तुमचं शेड तेव्हा पाण्यात गेलं असेल तर तेल-ग्रीसचा हिशेब नंतर. हत्यारं माळ्यावर चढवा. मशीन हलत नसेल तर निदान मोटर सोडवून वर न्या. बिडावरचा गंज घासून काढता येतो, बुडालेली मोटर मात्र बहुधा रिवाइंडिंगलाच द्यावी लागते.