मामांच्या वर्कशॉपमधले चौदा महिने

कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवानगीसाठी, एजंट गाठणार असाल तर आधी हे वाचा.

२०१९ च्या जुलैत मी नाशिकला सातपूर एमआयडीसीत क्वालिटी इंजिनिअर होते. एम.ई. २०१६ मध्ये झालं होतं आणि नोकरी मार्च २०१७ पासूनची, म्हणजे अनुभव दोन वर्षं चार महिन्यांचा. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लिसनिंगमध्ये साडेआठ आणि बाकीच्यांतही चांगले बँड मिळाले. पदव्यांचं मूल्यांकन झालं, त्यात एम.ई. तिकडच्या मास्टर्सइतकी धरली गेली. एक्स्प्रेस एन्ट्री म्हणजे गुणांवर पीआरसाठी निवड करायची कॅनडाची पद्धत. तिचे माझे गुण भरले ४५६, आणि ड्रॉ, म्हणजे निमंत्रणांच्या फेऱ्या, थांबत होत्या ४६० च्या आसपास.

मी गाठलेल्या कन्सल्टंटने विचारलं, "मॅडम, याआधी कुठे काम केलंय? काहीही असू दे." मी सांगितलं, एम.ई. करताना संध्याकाळी मामांच्या वर्कशॉपमध्ये जायचे, लेथवर हात बसावा म्हणून. "मग झालं की तुमचं काम!" म्हणाला. तीन वर्षं अनुभव आणि चांगलं इंग्रजी असेल तर या जोडीचे २५ ऐवजी ५० गुण मिळतात, हे त्याने कागदावर मांडून दाखवलं. तो नियम खरा आहे, म्हणूनच मी त्याच्यावर विश्वास टाकला. फी १ लाख ४० हजार, रोख. पावतीवर फक्त 'सल्ला शुल्क'.

त्याने जे सांगितलं नाही ते असं: काम पगारी असावं लागतं. एका वर्षाच्या अनुभवासाठी, आठवड्याला ३० तास धरून, १,५६० तास भरावे लागतात. कंपनीच्या पत्रात हुद्द्याबरोबर रोजची कामं, तास आणि पगार लिहिलेला लागतो, आणि अधिकारी हुद्द्यापेक्षा कामं वाचतात. मामांनी मला कधी पगार दिला नव्हता. मी मागितलाही नव्हता.

माझ्या प्रोफाइलला ईमेल त्याचा आणि पासवर्डही त्याचाच. "तुम्ही टेन्शन घेऊ नका," एवढंच उत्तर मिळायचं. आत मामांच्या वर्कशॉपच्या नावाने खोटं लेटरहेड, खोटा शिक्का आणि चौदा महिन्यांची पूर्णवेळ नोकरी होती, तीही माझे दिवसाचे एम.ई.चे तास चालू असतानाची. ४८१ गुणांवर निमंत्रण आलं तेव्हा मी घरी पेढे वाटले.

पडताळणीचा फोन थेट मामांना गेला. मामा सरळ माणूस. म्हणाले, "माझी भाची आहे ती. कॉलेज सुटलं की यायची शिकायला. पगार कसला?" मग खुलासा मागणारं पत्र आलं, ते कन्सल्टंटच्या ईमेलवर. त्याने मला कळवलंच नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये नकार आला: इमिग्रेशन कायद्याचं कलम ४०, चुकीची माहिती, पाच वर्षं बंदी. अर्ज माझ्या नावाचा, त्यामुळे जबाबदारीही माझीच धरली गेली.

याहून जास्त मला एक गोष्ट जाळते. मार्च २०२० मध्ये माझी खरी तीन वर्षं पूर्ण होणार होती. तेच ४८१ गुण, एकही खोटा कागद न लावता. फक्त आठ महिने थांबायचं होतं, आणि हे त्याला पहिल्या दिवशीच दिसत होतं.

त्याच्याकडे परवानाही नव्हता. पैसे घेऊन असा सल्ला द्यायला कॅनडाच्या कायद्याने तिथले वकील किंवा परवानाधारक पॅरालीगल (कायदा सहायक), क्युबेक प्रांतातले नोटरी किंवा मान्यताप्राप्त इमिग्रेशन सल्लागार असावं लागतं, आणि त्या सल्लागारांची यादी कुणालाही ऑनलाइन बघता येते. मी बघितली नव्हती. तुम्ही बघा. प्रोफाइल स्वतःच्या ईमेलवर उघडा, सबमिट करण्याआधी प्रत्येक पान वाचा. आणि मार्च २०२५ पासून एक्स्प्रेस एन्ट्रीत जॉब ऑफरचे जादा गुण बंद झाले आहेत, तेव्हा त्या गुणांसाठी कुणी ऑफर लेटर विकत असेल तर तिथून उठा.

पोलिसांत अर्ज दिलाय. पावतीवर कशाचा सल्ला तेच लिहिलेलं नाही, म्हणून तो पुढे सरकत नाही. बंदी संपली तेव्हा मी ३३ वर्षांची होते. वयाचे ११० गुण होते ते ८८ वर आले. मामा अजूनही विचारतात, "मी फोनवर काही वेगळं बोलायला हवं होतं का गं?" मी दर वेळी त्यांना सांगते, नाही मामा, तुम्ही खरं तेच बोललात.