वेस्टर्न संग्रहातलं शिडाचं जहाज: काही महिन्यांच्या वापरानंतर

साडेसात सेंटिमीटरच्या काउबॉय बाहुल्यांना शोभेल असं शिडाचं जहाज शोधलं की हाती येतं ते चाच्यांचं जहाज. मागे उंच डेक, तोफांच्या खिडक्या, तीन डोलकाठ्या. हा थाट १७व्या-१८व्या शतकातला. वेस्टर्न देखाव्याचा काळ त्यानंतरचा: कॅलिफोर्नियात सोनं सापडलं तेच १८४८ साली.

पण काळापेक्षा मोठी चूक मापाची आहे. या बाहुल्या साधारण १:२४ प्रमाणात बसतात. १८५१ साली न्यूयॉर्कहून केप हॉर्नमार्गे, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून, ८९ दिवसांत सॅन फ्रान्सिस्को गाठणारं ‘फ्लाइंग क्लाउड’ हे शिडाचं जहाज सुमारे ७० मीटरचं होतं. या प्रमाणात ते जवळपास तीन मीटर भरेल. उलट, ७० सेंटिमीटरचं खेळण्यातलं जहाज म्हणजे खरी १७ मीटरची होडी. तेवढ्या मापाचं तिथे खरंच काय होतं? सॅन फ्रान्सिस्को खाडीतली सपाट तळाची, दोन डोलकाठ्यांची स्कूनर ही शिडाची मालवाहू होडी. १८९१ची ‘अल्मा’ १८ मीटरची आहे आणि आजही त्याच शहरात जपलेली आहे. या होड्या गवत, लाकूड, विटा वाहत, माणसं दोन-तीनच.

म्हणून तोफा काढा, खिडक्या पातळ प्लास्टिक पट्टीने बुजवा, मागची डोलकाठी आणि सगळ्या आडव्या काठ्या उतरवा. उरलेल्या दोन डोलकाठ्यांना ५ मिमीच्या लाकडी काड्या लावा: खाली आडवी, वर तिरपी. शिडं धुतलेल्या मांजरपाटाची. कोऱ्या कापडाला खळ असते, ते घडीला ताठ राहतं. उंच मागचा डेक मात्र ठेवावा. डेकवर गवत रचलं की सुकाणूवाल्याला पुढचं दिसेना, म्हणून तो उंचवट्यावर उभा राहायचा. गवताच्या उंचीइतकी खालची काठीही वर घ्या. टोकदार नाळ (जहाजाचं पुढचं टोक) चुकीचीच राहते, ती चौकोनी हवी. निम्मी धक्क्याआड लपवणं सोपं.

वापरात सर्वांत आधी दगा देते डोलकाठी डेकवर बसवायची खाच. सुती दोरा पावसाळ्यात आखडतो, काठीला ओढतो आणि खाच फाकते. पॉलिएस्टर दोरा घ्यावा, तोही किंचित सैल. गुळगुळीत प्लास्टिकवर ॲक्रिलिक रंगाचे पापुद्रे निघतात. ४०० नंबरचा पॉलिश पेपर, साबणाचं पाणी, मग प्रायमर, हा क्रम टाळू नये. छापील प्लास्टिकची शिडं भोकापाशी चिरतात, ती टाकूनच द्यावीत.

कवटीच्या झेंड्याजागी बाजारात मिळणारा ५० ताऱ्यांचा अमेरिकन झेंडा नको, तो १९६०चा. १८८०च्या दशकाच्या देखाव्याला ३८ तारे लागतात.