१९९१ची माझदा मियाटा: १४ महिने वापरल्यानंतर

ऑक्टोबर २०२३मध्ये मी न्यू जर्सीत १९९१ सालची लाल माझदा मियाटा, उघडणाऱ्या छपराची दोन सीटची गाडी, ५,२०० डॉलरला घेतली. आज १४ महिने आणि ७,६०० मैल झाले. पुन्हा घेशील का असं कुणी विचारलं तर हो, हीच घेईन. पण घेताना काय तपासलं आणि काय तपासायचं राहिलं ते सविस्तर लिहितोय. चार-पाच हात फिरलेली जुनी टू-सीटर घ्यायची इच्छा असणारे आपल्यातले बरेच जण भेटतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, "कागद क्लिअर आहेत ना?"

कागद क्लिअरच होते, पण त्यांत फारसं काही लिहिलेलंच नव्हतं. इथे २०१०पर्यंतच्या मॉडेलला दहा वर्षं झाली की विक्रीच्या वेळी मैल जाहीर करण्याचं बंधन उरत नाही, त्यामुळे टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, मैलांच्या जागी 'एक्झेम्प्ट' (सूट) एवढाच शब्द. डायलवर ११८,००० मैल. जुनी नोंदणी समुद्राजवळच्या टॉम्स रिव्हरची, आणि २०११ ते २०१६ या काळात गाडीची कुठेही काही नोंद नाही. न्यू जर्सीत राहणाऱ्या माणसाला हे वाचल्यावर सँडी वादळच आठवतं. २९ ऑक्टोबर २०१२च्या रात्री ते इथल्याच किनाऱ्यावर आदळलं आणि त्यानंतर सुमारे अडीच लाख गाड्यांचे विमा दावे झाले. ज्यांचा दावा झाला त्या गाड्या केंद्रीय नोंदीत सापडतात. पण वीसेक वर्षं जुन्या गाडीवर लोक अनेकदा फक्त थर्ड पार्टी विमा ठेवतात. अशी गाडी पाण्यात बुडाली तर दावा नाही, आणि दावा नाही तर नोंदही नाही. म्हणजे या नोंदींवरून काढलेला रिपोर्ट स्वच्छ आला याचा अर्थ गाडी स्वच्छ आहे असा होत नाही.

विकणारा छोटा डीलर होता. त्याच्याकडे मी तीन वेळा गेलो. गाडी नुकतीच धुऊन-पुसून, इंजिनला चकाकी आणून ठेवलेली. म्हणून ठरवलं, जिथे पुसणाऱ्याचा हात पोचत नाही तिथेच बघायचं. दोन्ही सीटबेल्ट शेवटच्या टोकापर्यंत ओढून काढले. बुडालेल्या गाडीत गुंडाळलेल्या पट्ट्यावर पाण्याची आडवी रेघ वाळून राहते. ती नव्हती. सीटच्या रुळांचे बोल्ट बघितले, वरवरचा गंज, खोल नाही. मग पॅसेंजरच्या पायाखालचा गालिचा उचलला, कारण या सालच्या अमेरिकन मियाटात इंजिनचा कॉम्प्युटर तिथेच, एका पत्र्याच्या झाकणाखाली असतो. कनेक्टर काढून पाहिला, पिना लखलखीत. खाऱ्या पाण्यात बसलेल्या पिना हिरव्या पडतात. शेवटी गाडी लिफ्टवर चढवायला लावली. मियाटाच्या गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलपर्यंत ॲल्युमिनियमचा एक लांब सांगाडा जातो. समुद्राचं पाणी लागलं तर त्यावर पांढरी भुकटी आणि खड्डे दिसतात. तो फक्त तेलकट होता, बाकी काही नाही.

मात्र सीटच्या मागे हात घातला तेव्हा गालिचा ओला लागला. त्या क्षणी मी गाडी सोडून द्यायच्या बेतात होतो. पण गाळ नव्हता, वाळू नव्हती, नुसतं पावसाचं पाणी. छपराच्या मागच्या कडेने पाणी गोळा करणारी पन्हळ असते, तिच्या दोन्ही टोकांना नळ्या असतात आणि त्या मागच्या चाकाच्या पुढे खाली उघडतात. पानं-कचरा अडकला की त्या तुंबतात आणि पाणी दाराखालच्या उंबऱ्याच्या पोकळीत आणि गालिच्यात मुरतं. गवत कापायच्या मशीनची जाड नायलॉनची दोरी वरून हळूहळू सरकवली की नळी मोकळी होते. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, आतली नळी निसटू शकते. हे काम पाच मिनिटांचं आहे, पण आधीच्या मालकांनी बहुधा कधीच केलं नव्हतं आणि त्याची किंमत मी मोजली. ती पुढे येतेच.

डीलर म्हणाला होता, "नो ॲक्सिडेंट." या गाडीच्या बॉनेट, दारं, फेंडर, बंपर, डिकी सगळ्यांवर कारखान्यातून चेसिस नंबरचे छोटे स्टिकर येतात. डाव्या फेंडरवर स्टिकरच नव्हता, बॉनेटवर होता. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मित्राकडून आणलं. बाकी पत्र्यावर १०० ते १३० मायक्रॉन, डाव्या फेंडरच्या मागच्या भागात आणि दाराच्या कडेला ६०० ते ९००. म्हणजे पुट्टी. पण आतली चेसिसची पट्टी सरळ होती आणि कारखान्यातले स्पॉट वेल्ड जसेच्या तसे दिसत होते, त्यामुळे धडक वरवरचीच असावी असं मला वाटलं. ते मी डीलरला दाखवलं, त्याने काही न बोलता ८०० डॉलर कमी केले. खोटं बोलल्याचा राग आलाच. पण पत्रा सरळ असेल तर पुट्टी हा फक्त भावाचा प्रश्न आहे, असं मला अजूनही वाटतं.

इंजिन १.६ लिटरचं, ११६ हॉर्सपॉवर. सगळ्यात जास्त अभ्यास इथे करावा लागला. सुरुवातीच्या मियाटांच्या क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, पुढचं टोक आखूड आहे. टायमिंग बेल्ट बदलताना त्या टोकावरच्या पुलीचा बोल्ट नीट आवळला गेला नाही, की पुलीला जागेवर धरणारी लोखंडी पाचर खाचेत हलायला लागते, खाच रुंदावते, टायमिंग सरकतं आणि गाडीचा दम जातो. मग क्रँक बदलण्यावाचून फारसा इलाज उरत नाही. १९९१च्या मधेच कंपनीने क्रँक बदलला, म्हणून त्या सालची गाडी कुठली निघेल ते बघूनच कळतं. पुलीच्या मधल्या भागात चार खाचा असतील तर आखूड, आठ असतील तर लांब. माझ्या गाडीत चार. इंजिन चालू ठेवून पुली बराच वेळ बघितली, डुगडुगत नव्हती. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरमध्ये जवळजवळ सारखं. म्हणून घेतली.

घरी आणल्यावर इंजिनमधून टिकटिक यायची. बाबा साताऱ्यात एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. फोनवर आवाज ऐकवला.

"अरे, टॅपेट वाजतायत. ऑइल कधीचं आहे?"

"माहीत नाही, बाबा."

"मग आधी ते काढ. नुसत्या आवाजावरून इंजिन खोलायला जाऊ नकोस."

पाचशे मैलांत दोनदा ऑइल बदललं. या इंजिनातले टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे भाग) हायड्रॉलिक आहेत, जुन्या घट्ट ऑइलने त्यांची बारीक भोकं बुजतात. आता फक्त गारठ्याच्या सकाळी मिनिटभर वाजतात. गिअरबॉक्सवर तेल पाझरत होतं. ते बघून एका गॅरेजने क्रँकचं मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल असं सांगितलं होतं. खरं तर सिलिंडर हेडच्या मागच्या बाजूला असलेल्या सेन्सरची एक रबरी रिंग कडक झाली होती आणि तेल तिथून उतरत होतं. रिंग दोन डॉलरची. बदलल्यावर टायमिंग पुन्हा लावावं लागतं, पण गिअरबॉक्सला हात लावावा लागत नाही. मियाटावाल्यांनी हे लक्षात ठेवाच.

मार्चमध्ये टायमिंग बेल्ट बदलला, कंपनीच्या हिशोबाने तो ६०,००० मैलांना बदलायचा असतो. कव्हर काढलं तर आतल्या बाजूला कुणीतरी पांढऱ्या मार्करने लिहिलेलं सापडलं: जून २००९, १२१,४००. मी चौदा वर्षांनी घेतली तेव्हा डायलवर ११८,०००. म्हणजे कधीतरी डायल बदलला गेलाय, आणि खरे मैल किती ते आता कुणीच सांगू शकणार नाही. वाईट वाटलं. पण त्या मेकॅनिकचे आभारही मानले, कारण या गाडीबद्दल मला मिळालेलं ते एकमेव खरं वाक्य होतं. क्रँकचा नवा बोल्ट टाकला, टॉर्क रेंचने आवळला आणि बोल्ट व पुलीवरून रंगाची एक बारीक रेघ ओढली. दर महिन्याला ती रेघ तुटली नाहीये ना ते बघतो.

आता ती किंमत. मागच्या चाकांच्या पुढचे दोन्ही उंबरे वरून छान रंगवलेले होते. घेताना चुंबक लावून पाहिलं तर नीट चिकटलं, म्हणून मी समाधान मानलं. ही माझी खरी चूक. उन्हाळ्यात गाडी उचलताना डाव्या बाजूला बोट आत गेलं. वरून पातळ पत्रा चिकटवून रंगवलेला होता, म्हणून चुंबक फसलं. आत पत्र्याचे तीनही थर सडलेले. एका पोलिश वेल्डरने दोन्ही बाजू कापून नवा पत्रा जोडला, पोकळीत मेण फवारलं. २,१०० डॉलर. घेताना खालच्या कडेच्या भोकांतून छोटा कॅमेरा घालून आत बघितलं असतं तर हे आधीच दिसलं असतं, आणि तेवढे पैसे भावात कमी करून घेता आले असते.

बाकी रेडिएटर १७० डॉलर (वरची प्लॅस्टिकची टाकी तपकिरी पडली की तो जायला आलाय असं समजावं), क्लचचे दोन्ही सिलिंडर ९०, टायमिंगचे सुटे भाग २८०, टायर ३४०, जुनं पण चांगलं छप्पर ४२०. गाडीसकट ८,६०० डॉलर.

आणि चालवायला? फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा दाखवली. तिच्यासाठी माझदा 'जिन्बा इत्ताई' हे शब्द वापरते, घोडा आणि स्वार एकजीव. जाहिरातीचे शब्द वाटतात, पण वळणावर पटतात. वजन एक टनाच्या आत, पुढे-मागे जवळजवळ निम्मं-निम्मं, गिअरचा दांडा मनगटाने पडतो. डेलावेअर नदीच्या काठाने फ्रेंचटाऊनकडे जाणाऱ्या रस्त्यावर ताशी ४५ मैलांतसुद्धा एवढा आनंद मिळतो की जास्त वेगाची गरजच वाटत नाही. छप्पर उघडं असेल तर नदीचा वास येतो. हायवेवर मात्र ६५च्या पुढे बोलणं ऐकू येत नाही, मोठ्या ट्रकशेजारून जाताना जीव दडपतो. एअरबॅग फक्त ड्रायव्हरला आणि माझ्या गाडीत एबीएस नाही. मुलीला मी तिच्यात बसवत नाही, आणि ते मी कुणाच्याही आग्रहाने बदलणार नाही. ॲव्हरेज गॅलनला २८ मैल. छप्पर उघडण्याआधी मागच्या प्लॅस्टिकच्या खिडकीची चेन काढायला विसरू नका, नाहीतर घडी पडून ती चिरते.

रोज ऑफिसला न्यायला एकच गाडी हवी असेल तर ही घेऊ नका. घरात दुसरी गाडी असेल, हात काळे करायची तयारी असेल आणि किमतीच्या निम्मे पैसे बाजूला ठेवता येत असतील तर घ्या. फक्त रस्त्यावर मीठ पडत नाही अशा राज्यातली शोधा, तिथली महाग मिळाली तरी चालेल.

इथे आता रस्त्यांवर मीठ टाकायला सुरुवात झाली, म्हणून गेल्या रविवारपासून ती गॅरेजमध्ये आहे. बॅटरी डिकीत असते, तिला चार्जर जोडून ठेवलाय. क्रँकवरची रेघ अजून अखंड आहे. डिफरन्शियलचं एक सील पाझरतंय, ते मार्चमध्ये.