8 महिने, 11,000 किलोमीटर: चासी पास, डबा काठावर पास

फेब्रुवारीत मेलबर्नमध्ये ही 18 फुटी ऑफरोड कॅरॅव्हॅन, म्हणजे कच्च्या रस्त्यांसाठीचं, गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर घेतलं, तेव्हा शोरूममधला माणूस छातीठोकपणे म्हणाला होता, "कुठेही न्या." कुठेही म्हणजे नक्की कुठे, ते जुलैत कळलं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दुरुस्तीच्या बिलाची घासाघीस अजून चालू आहे.

पहिले चार महिने समुद्रकाठचे डांबरी रस्ते आणि शनिवार-रविवारच्या सहली. तेव्हा लिहायला बसलो असतो तर पाचपैकी पाच तारे देऊन मोकळा झालो असतो. खरी परीक्षा झाली साउथ ऑस्ट्रेलियातल्या ऊडनाडाटा ट्रॅकवर. मरी ते मार्ला, सुमारे 620 किलोमीटर, सगळा कच्चा रस्ता, 1980 साली बंद पडलेल्या जुन्या घान रेल्वेच्या कडेकडेनं. सोबत सांगलीच्या होस्टेलमधले दोन दोस्त. एक सिडनीचा, दुसरा खास पुण्याहून आलेला.

निघण्याआधीच पहिला धडा मिळाला, वजनाचा. रिकामी कॅरॅव्हॅन 2,150 किलो, पाटीवरची कमाल मर्यादा 2,800. सामानाला 650 किलो म्हणजे चंगळ वाटते. पण पाण्याच्या 95 लिटरच्या दोन टाक्या भरल्या की 190 तिथेच संपले. मग गॅसच्या बाटल्या, खुर्च्या, हत्यारं, तिघांचा शिधा. वजनकाट्यावर भरली 2,860! पुढची आपली गाडी, टोयोटा प्राडो, 3,000 ओढते, हे इथे सांगून उपयोग नाही. कॅरॅव्हॅनच्या स्वतःच्या पाटीवरचा आकडा ओलांडला की अपघातात विमेवाला हात वर करू शकतो. जनरेटर आणि पुणेकराची लोखंडी कढई माझ्या गॅरेजात राहिली. कढईवरून तो अजून बोलतो. डिझेलचं म्हणाल तर एरवी शंभर किलोमीटरला दहा लिटर पिणारी गाडी, मागे ही असली की 17-18 पिते, आणि समोरून वारा असला तर 20.

मिल्ड्युरा सोडल्यावर यांबाचा नाका लागतो. फळमाशीमुळे साउथ ऑस्ट्रेलियात बाहेरची फळं नेता येत नाहीत, आणि त्यात टोमॅटो-मिरच्याही आल्या. अर्धा किलो हिरव्या मिरच्या स्वतःच्या हातानं कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. पुढचं पिठलं लाल तिखटावर.

मरीनंतर रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा होतो, आडव्या वळ्याच वळ्या. चाकांची हवा 40 पीएसआयवरून 28 वर आणली, वेग साठाच्या आसपास. इथे चासीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, पैकीच्या पैकी. चारी चाकांचं स्वतंत्र सस्पेन्शन, गाडीला जोडणारी ऑफरोड हिच, ब्रेक, कशानंही कुरकुर केली नाही. पण त्या चासीवर ठेवलेला डबा साध्या कॅरॅव्हॅनचाच आहे, हे पहिल्या शंभर किलोमीटरांत उघड झालं. वरच्या कपाटाची खिटी उघडली, हळदीची बरणी खाली आली आणि अख्खा बाक पिवळा. भंडारा उधळल्यावर जेजुरीला दिसतं तसं. कपाटांच्या बिजागऱ्यांचे स्क्रू नुसत्या प्लायमध्ये बसवलेत, ते एकेक करून जमिनीवर सापडत गेले.

त्याहून वाईट म्हणजे पुढच्या टाकीला खाली संरक्षक पत्राच नाही. मागच्या टाकीला आहे! कावर्ड स्प्रिंग्जला मुक्कामाला पोचलो तेव्हा पुढची टाकी कोरडी ठणठणीत, दगडानं नळीचा सांधा उडवलेला. नशीब म्हणजे तिथे झऱ्याच्या पाण्याचं लाकडी टाकं आहे, त्यात बसून अंगावरची लाल धूळ काढली. कंपनीचं उत्तर: 'वापरामुळे झालेली हानी.' अहो, मग वापरायची नव्हती का?

धुळीची पूर्ण सुटका कुणाचीच नाही. गॅस आत साचू नये म्हणून हवेच्या झडपा कायमच्या उघड्या ठेवाव्या लागतात आणि धूळ तिथूनच येते. दाराखालची झडप आम्ही चालत्या गाडीत चिकटपट्टीनं बंद करायचो, मुक्कामाला पोचलो की आधी ती काढायची. छतावरची पुढे तोंड असलेली खिडकी उघडली की आत हवेचा दाब वाढतो आणि धूळ बरीच बाहेर राहते. हे मॅन्युअलमध्ये कुठेही नाही. विल्यम क्रीकला एका आजोबांनी सांगितलं.

अल्जेबकिनाच्या जुन्या रेल्वेपुलाशी चहाला थांबलो. 1892 चा, 578 मीटर लांब, वाळवंटात गंजत उभा. सिडनीकर पुलाचे रिव्हेट बघत म्हणाला, "हे अजून आहेत, आणि तुझ्या पाच महिन्यांच्या कपाटाचे गेले."

आता कौतुक. डिझेल हीटर अप्रतिम. रात्री दोन-तीन अंशांवर उतरत होतं आणि आत आम्ही बनियनवर. 400 वॉटचं सोलर आणि 200 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी यांवर फ्रीज, दिवे, फोन सगळं तीन-तीन दिवस सहज चाललं. बाहेर सरकणारं स्वयंपाकघर तर मला घरच्या ओट्याहून आवडतं. कुकरच्या शिट्ट्यांनी शेजारच्या तंबूतली बाई मात्र दचकून बाहेर आली होती.

'चौघांना झोपता येईल' ही जाहिरात सोडून द्या. टेबल पाडून होणाऱ्या पलंगावर सहा फुटी माणसाचे पाय बाहेर राहतात. तिसऱ्या रात्रीपासून पुणेकर बाहेर स्वॅगमध्ये झोपू लागला. स्वॅग म्हणजे कॅनव्हासची वळकटीच. परत आत यायला तयार नव्हता.

आल्यावर पुढच्या टाकीखाली स्वखर्चानं पत्रा ठोकून घेतला, बिजागऱ्यांना आरपार बोल्ट बसवले, कपाटांना सायकलच्या ट्यूबचे पट्टे. पुढच्या जूनमध्ये बर्ड्सव्हिल ट्रॅकचा बेत आहे. हळद स्टीलच्या डब्यात जाईल. बाकावरचा डाग काही निघत नाही.