बोटांची सोनोग्राफी: मशीन झकास, रिपोर्ट अर्धवट

सेवा: झीज आणि सूज बघण्यासाठी दोन्ही हातांच्या सांध्यांची सोनोग्राफी, जळगावातलं एक खासगी सेंटर. गुण: ५ पैकी ३.

सोनोग्राफी म्हणजे पोटाची, नाहीतर गरोदर बाईची, हे इकडे इतकं पक्कं बसलंय की काउंटरवर ‘दोन्ही हातांची’ म्हटलं की चिठ्ठी दोनदा वाचली जाते. चिठ्ठीवर नुसतं ‘हँड’ असेल तर मनगट बघून सोडून देण्याचा धोका असतो. म्हणून डॉक्टरांकडूनच ‘अंगठ्याच्या बुडापासून नखाजवळच्या पेरापर्यंत सगळे सांधे, पॉवर डॉपलरसह’ असं लिहून घ्यावं. (डॉपलर म्हणजे रक्ताचा प्रवाह स्क्रीनवर रंगात दाखवणारी सोय; सुजलेल्या सांध्यात तो दिसतो.) उपाशी राहायची गरज नाही. अंगठ्या मात्र घरूनच साबण लावून काढून या. सुजलेल्या पेरावरून त्या ऐनवेळी निघत नाहीत.

मशीनला पूर्ण गुण. बोटांसाठी वेगळा, हॉकी स्टिकच्या आकाराचा छोटा प्रोब (कातडीवर फिरवायचा दांडा) आहे, १८ मेगाहर्ट्झपर्यंत जाणारा. नखाजवळचा सांधा कातडीखाली काही मिलिमीटरवर असतो. पोटाचा ३ ते ५ मेगाहर्ट्झचा प्रोब तिथे काही कामाचा नाही.

तपासणी नीट चाललीय का, हे ओळखायची खूण म्हणजे जेल. प्रोब आणि कातडीच्या मध्ये जेलचा जाड थर दिसला पाहिजे, प्रोब त्यावर जणू तरंगायला हवा. दाबला की सांध्यातलं पाणी बाजूला सरकतं, बारीक रक्तवाहिन्या चेपतात आणि डॉपलरचे लाल ठिपके गायब. इथे उजव्या हाताला हे पथ्य पाळलं गेलं, डाव्याला घाई झाली. मधल्या बोटाच्या मधल्या पेरावर दाब हलका करायला सांगितल्यावर कोऱ्या स्क्रीनवर दोन ठिपके उगवले. म्हणजे सूज होती, नुसती दाबून टाकली होती.

दुसरी गोची एसीची. मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि आत मशीनसाठी १८. गार पडलेल्या बोटांत रक्त कमी फिरतं, डॉपलर फिका येतो. पंधरा मिनिटं हात चादरीखाली ठेवू द्या म्हणावं. सेटिंगही विचारावं: थायरॉइडचा प्रीसेट (मशीनमध्ये आधीच भरलेली सेटिंग) तसाच ठेवून बोटं बघितली तर सांध्यातला मंद प्रवाह सुटू शकतो, इथे पीआरएफ (डॉपलरचे ठोके किती वेगानं सोडायचे ते) १ किलोहर्ट्झच्या खाली आणावा लागतो. वेदनाशामक गोळी चालू असेल तर तेही सांगा, तिने सूज झाकली जाते.

सेंटरची खरी कमाई अंगठ्याच्या बुडाशी. कापूस वेचणीच्या हंगामात दिवसभर चिमटीनं बोंड ओढणाऱ्या बायांचा अंगठा दुखतो, तो दरवेळी झिजेमुळेच असं नाही. मनगटाजवळ अंगठ्याच्या शिरांचं (रक्तवाहिन्या नव्हे, स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) आवरण सुजलेलं असू शकतं. एक्स-रेत ते दिसत नाही, प्रोबखाली पाच मिनिटांत कळतं, आणि इलाज दोन्हींचा वेगळा. हे इथे न सांगता तपासलं गेलं.

हाडाच्या कडेला फुटलेले कोंब सोनोग्राफीत एक्स-रेपेक्षा लवकर आणि जास्त दिसतात. पण सोनोग्राफीच्या आवाजलहरी हाडाच्या आरपार जात नाहीत, त्यामुळे सांध्याच्या मध्यभागी पडलेला खड्डा सुटतो. त्यासाठी दोन्ही हातांचा साधा एक्स-रे लागतोच. शिवाय दोन कोंबांमधली फट खड्ड्यासारखी दिसते. उभ्या आणि आडव्या, दोन्ही छेदांत दिसला तरच तो खड्डा. इथल्या रिपोर्टात ‘इरोजन’, म्हणजे असा खड्डा, हा शब्द आहे, छेद एकच.

आणि रिपोर्ट! ‘दोन्ही हातांत झिजेचे बदल’ या अर्थाची इंग्रजीत एक ओळ. एवढ्यासाठी एवढं मशीन कशाला? अंगठ्याच्या बुडासकट एका हाताचे १५, दोन्ही मिळून ३० सांधे होतात. प्रत्येकापुढे कोंब, अस्तराची सूज आणि डॉपलर यांना ० ते ३ अशी श्रेणी हवी. ओस्लोतल्या रुग्णांच्या ५ वर्षांच्या पाहणीत सोनोग्राफीत सूज दिसलेल्या सांध्यांची झीज पुढे जास्त वाढलेली आढळली; म्हणजे कोणतं पेर सुजलंय, हेच तर कळायला हवं. श्रेणीच नसेल तर सहा महिन्यांनी तुलना कशाशी करणार? नखाजवळच्या शिरेच्या टोकाबद्दलही अवाक्षर नाही. आमवात ते पेर सहसा सोडतो, सोरायसिसचा संधिवात सोडत नाही, म्हणून तिथली नोंद महत्त्वाची.

दर ठरवताना एका हाताचा की दोन्हींचा, डॉपलर धरून की वेगळा, हे आधीच विचारा. आणि काउंटर सोडण्याआधी फिल्म उजेडाला धरून बघा: प्रत्येक चित्रावर डावा-उजवा, बोट आणि पेर छापलेलं हवं. हाती आलेल्या फिल्मवर ८ पैकी ३ चित्रांवर नुसतं ‘फिंगर’ होतं.