घरासाठी सीसीटीव्ही: वाय-फाय, डीव्हीआर की पीओई?

कॅमेरे घ्यायला गेलं की दुकानदार आधी मेगापिक्सेल विचारतो. दोनचा देऊ की पाचचा? हा खरं तर शेवटचा प्रश्न. आधी घर बघायचं. भाड्याचं आहे की स्वतःचं, भिंतीला किती भोकं पाडता येतील, लाइट किती वेळा जाते आणि वायर कुठून न्यायची.

घरगुती वापरात तीन प्रकार चालतात. वाय-फाय कॅमेऱ्याच्या पोटात मेमरी कार्ड असतं आणि चित्र मोबाइलवर दिसतं. डीव्हीआरमध्ये प्रत्येक कॅमेऱ्याची केबल एका डब्यात येते, डब्यात हार्ड डिस्क. पीओईमध्ये आयपी कॅमेऱ्याला, म्हणजे नेटवर्कवर चालणाऱ्या कॅमेऱ्याला, वीज आणि नेटवर्क एकाच केबलने मिळतं, रेकॉर्डिंग एनव्हीआर नावाच्या डब्यात होतं.

फ्लॅटला एकच दार असेल तर वाय-फाय घ्या, फार विचार नको. दोन-अडीच हजारांत चांगला कॅमेरा येतो, भाड्याचं घर सोडताना काढून नेता येतो. फक्त ‘वायरलेस’ या शब्दावर जाऊ नका, अडॅप्टरची वायर लागतेच, त्यामुळे प्लग जवळ हवा. बहुतेक स्वस्त कॅमेरे वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरच चालतात. राउटर हॉलच्या दुसऱ्या टोकाला आणि मध्ये आरसीसीची भिंत असेल तर चित्र अडकत येतं. कॅमेरा सेफ्टी डोअरच्या आत लावून जाळीतून बाहेर बघायचा बेत असेल तर रात्री पंचाईत होते. कॅमेरा अंधारात बघण्यासाठी टाकतो तो इन्फ्रारेडचा उजेड जाळीवर आपटून परत येतो, जाळी पांढरीफटक दिसते आणि मागे उभा असलेला माणूस काळा ठिपका. तेव्हा कॅमेरा दाराबाहेरच लावा, पण शेजाऱ्यांच्या दाराकडे वळवू नका. पॅसेज सोसायटीचा असतो, तेव्हा कमिटीच्या कानावर घालून ठेवलेलं बरं.

वाय-फायची खरी कमजोरी वेगळीच आहे. चोराने कॅमेरा उपटून नेला की कार्डही गेलं. क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरची साठवण, घेतलं तर क्लिप बाहेर राहतात, पण दर महिन्याचे पैसे सुरू होतात. लाइट गेली आणि राउटर इन्व्हर्टरवर नसेल तर मोबाइलवर काहीच दिसत नाही.

बंगला, रो-हाउस किंवा गावचं घर असेल आणि पुढे, मागे, गाडीपाशी असे चार कॅमेरे हवे असतील तर माझं मत डीव्हीआरला. राउटर बंद पडला तरी रेकॉर्डिंग थांबत नाही, आणि दुरुस्तीला तालुक्याच्या गावीही माणूस मिळतो. हिशोब करून बघा: दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा साधारण २ एमबीपीएसने (सेकंदाला २ मेगाबिट) चालला तर दिवसाला २१-२२ जीबी खातो. चार कॅमेऱ्यांचे ८६ जीबी, म्हणजे १ टीबी डिस्कमध्ये दहा-अकरा दिवस. डिस्क सीसीटीव्हीसाठी बनवलेलीच मागा, जुन्या कॉम्प्युटरची नको. आणि डीव्हीआर टीव्हीखाली ठेवू नका, चोर आधी तोच उचलतो. माळ्यावर किंवा कुलपाच्या कपाटात ठेवा, हवा खेळती राहील एवढं बघा.

कोकणात आणि घाटमाथ्यावर आणखी एक गोष्ट. पावसाआधीच्या विजा लांब तांब्याच्या वायरीतून थेट डीव्हीआरपर्यंत येतात आणि एखादा चॅनेल, म्हणजे एका कॅमेऱ्याची जोडणी, कायमचा जातो. गडगडाट सुरू झाला की प्लग काढणं पुरेसं नाही, कॅमेऱ्यांच्या केबलही काढाव्या लागतात, आणि ते कोणी करत नाही. निदान अर्थिंग तरी नीट तपासून घ्या. बाहेरचे सांधे उघडे ठेवले तर एका पावसाळ्यात गंजतात, जंक्शन बॉक्स हवाच. आणि कोळ्याची जाळी! रात्री लेन्ससमोर ती चमकत राहते, मोबाइलवर तासातासाला सूचना येतात. आठवड्याला झाडू फिरवणे, यावर दुसरा उपाय नाही.

पीओई सर्वांत चांगलं, आणि सर्वांत महाग. घर नवीन बांधताय किंवा रंगकाम काढलंय तर आत्ताच पाइपातून कॅट-६ ही नेटवर्कची केबल ओढून ठेवा, कॅमेरे नंतर घेतले तरी चालतील. एक केबल १०० मीटरपर्यंत चालते. मात्र शुद्ध तांब्याचीच मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त पडते आणि पीओईवर त्रास देते. तयार घरात भिंती फोडून हे करण्यात अर्थ नाही.

शेतावरच्या घरात वीजच नसेल तर सोलर आणि सिमकार्डवाला कॅमेरा घ्यावा लागतो. तो हालचाल झाली की जागा होतो, चोवीस तास रेकॉर्डिंगची अपेक्षा नको.

आता मेगापिक्सेल. त्यांच्यापेक्षा लेन्सकडे बघा. २.८ मिमीची लेन्स सगळं अंगण दाखवते, पण दोन मेगापिक्सेलवर तीन-चार मीटरच्या पुढे चेहरा ओळखणं कठीण. दारावर ती ठीक. फाटक सात-आठ मीटरवर असेल तर तिथे कमी रुंद पण लांबचं मोठं दाखवणारी ६ मिमीची लेन्स लावा. दोन्ही कामं एका कॅमेऱ्याकडून होत नाहीत, कोणी काहीही सांगो.

घर सामाईक असेल, भाऊ वरच्या मजल्यावर राहत असेल, तर आधी विचारा. राहत्या घरात सहरहिवाशाच्या संमतीशिवाय लावलेल्या कॅमेऱ्यांवर कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये हरकत घेतली होती.

तिन्ही प्रकारांत एक भानगड सारखीच. बसवणारा मुलगा घाईत स्वतःच्या मोबाइलवर खातं उघडतो आणि तुम्हाला फक्त ‘शेअर’ करून देतो. उद्या तुमचं घर त्यालाही दिसणार. पैसे देण्याआधी ॲडमिन खातं तुमच्या नंबरवर करून घ्या, पासवर्ड स्वतः बदला आणि कालचं रेकॉर्डिंग कसं काढायचं ते त्याच्यासमोर एकदा स्वतःच्या हाताने काढून बघा.